हातमागाची वई आणि तिचा दोरा : गिरगावच्या विणकर सेवा केंद्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भारतीय वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने सूत, धोटा आणि बाजारपेठ या तीन घटकांकडे जाते. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन के याने शोधलेला धावता धोटा, कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झालेली मुंबईतील पहिली कापडगिरणी, तसेच गांधीयुगातील चरखा हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. मात्र ज्या साधनातून ताण्याचा प्रत्येक धागा जातो, त्या वईचा उल्लेख या लेखनात क्वचितच आढळतो. वई व तिच्यासाठी वापरला जाणारा दोरा यांचा विचार केल्यास हातमाग विणकराच्या तथाकथित परंपरानिष्ठेचा अर्थ वेगळा लागतो, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

वईची रचना व कार्य

दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये ओळीने बांधलेले दोऱ्याचे फास म्हणजे वई होय. गिरणीच्या साचेखात्यात तिलाच हील्ड म्हणतात. प्रत्येक फासाच्या मध्यभागी एक डोळा असतो आणि त्यातून ताण्याचा एक धागा ओवलेला असतो. साध्या विणीत एकाआड एक धागे दोन निरनिराळ्या वयांत विभागलेले असतात. विणकराने पायाखालची पट्टी दाबली की एक वई खाली व दुसरी वर जाते. त्यामुळे ताण्याच्या दोन थरांत फट पडते आणि त्या फटीतून धोटा बाणा घेऊन पलीकडे जातो.

वईच्या कामाचा व्याप एका उदाहरणावरून लक्षात येईल. कापडाचा पन्हा ४८ इंच असून दर इंचाला ६० धागे असतील, तर ताण्यात २,८८० धागे होतात. म्हणजेच २,८८० फास लागतात. दोन वया असतील तर प्रत्येकीवर १,४४० फासांची दाटी होते आणि ते एकमेकांना घासून धागे तुटू लागतात. यास्तव दाट ताण्यासाठी वीण साधी असूनही अनेकदा चार वया वापरतात. तेव्हा प्रत्येक वईवर ७२० फास येतात व घर्षण कमी होते. फणी व वई यांचा मेळ बसणेही तितकेच आवश्यक असते. आपल्याकडे प्रचलित असलेल्या स्टॉकपोर्ट पद्धतीत फणीचा नंबर दोन इंचांतील घरांच्या संख्येवरून ठरतो. प्रत्येक घरात दोन धागे घेतल्यास तोच नंबर दर इंचातील धाग्यांची संख्या दर्शवितो. फासांची दाटी या संख्येशी जुळली नाही, तर ताण्याचे धागे तिरके ओढले जातात व कापडाच्या कडा बिघडतात.

दोऱ्याची निवड

वईचा दोरा निवडताना चार गुण पाहावे लागतात. तो पुरेसा बळकट, गुळगुळीत, कमी ताणला जाणारा व गाठ धरून ठेवणारा असावा. अनेक पदरी, घट्ट पिळाचा सुती दोरा या कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरतो. त्यावर खळ किंवा व्हार्निशचा थर दिल्यास झीज कमी होते. तथापि सुती दोरा ओलावा शोषतो. पीळदार दोरा ओला झाला की फुगतो व लांबीने आखडतो. परिणामी पावसाळ्यात फासांचे डोळे एका पातळीत राहत नाहीत, फट असमान पडते आणि धोटा धाग्यांत अडकतो. येथे एक विरोधाभास दिसतो. दमट हवेत सुती ताण्याचे धागे कमी तुटतात. खड्डा मागावर जमिनीतील ओलाव्याचाही असाच लाभ होतो. म्हणजे जी हवा ताण्याला मानवते, तीच वईला बाधते.

नायलॉनचा दोरा पाण्याने फारसा बदलत नाही. परंतु तो ताणाखाली वाढतो आणि त्याची गाठ सरकते. पॉलिस्टर त्या मानाने कमी ताणला जातो. वया आढ्याला टांगण्याच्या आणि पायपट्ट्यांना जोडण्याच्या दोऱ्यांबाबत तर न ताणला जाणे हाच मुख्य गुण ठरतो. या दोऱ्यांना सरकवून लांबी कमीजास्त करता येईल अशी गाठ मारावी लागते. कारण हवामान बदलले की जुळणीही बदलावी लागते.

सुती वई व तारेची वई

गिरण्यांच्या प्रभावाने तारेच्या वया हातमागावरही आल्या. तारेचे फास पट्टीवर सरकविता येतात, त्यांची संख्या वाढविता वा कमी करता येते आणि दमट हवेचा त्यांच्या लांबीवर परिणाम होत नाही. मात्र किनारपट्टीच्या हवेत साधी तार गंजते. गंजाचा डाग ताण्याला लागतो आणि डोळ्याची खरबरीत कड रेशीम कापते. म्हणून गंजरोधक, गुळगुळीत तार आवश्यक ठरते व ती विकत घ्यावी लागते. याउलट सुती वई मऊ असते आणि एखादा फास तुटल्यास तो मागावरच पुन्हा बांधता येतो.

सुती वईची मर्यादा तिच्या स्थिरपणात आहे. ती एका ठरावीक दाटीसाठी बांधलेली असते. ताणा संपत आला की विणकर जुन्या ताण्याची टोके वई व फणीत तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना सांधतो. त्यामुळे पुन्हा ओवणीचे कष्ट वाचतात. परंतु वरील उदाहरणात दर इंचाला ६० ऐवजी ७२ धागे हवे असतील, तर ५७६ फास नव्याने लागतात. जुनी वई उपयोगाची राहत नाही, फणी बदलावी लागते आणि सर्व ३,४५६ धागे पुन्हा ओवावे लागतात. दाटी कमी करायची असल्यास काही फास रिकामे सोडता येतात. वाढवायची असल्यास असा मार्ग नाही. विणकर नवा नमुना सहजासहजी स्वीकारत नाहीत, असे वारंवार म्हटले जाते. त्या नकारामागे स्वभावापेक्षा हा हिशेब अधिक असतो.

महाराष्ट्रातील वस्त्रपरंपरांत या हिशेबाची दोन वेगळी उत्तरे दिसतात. पैठणीत वईकडे केवळ साध्या विणीचे काम असते. पदरावरील मोर व वेल निरनिराळ्या रंगांच्या बाण्याच्या लहान कांड्यांनी हाताने गुंफले जातात. नक्षी बदलली तरी वई बदलत नाही. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) हिमरूमध्ये मात्र नक्षी जाळ्याच्या दोऱ्यांत बांधलेली असे. फ्रान्समध्ये १८०४ साली सिद्ध झालेल्या जॅकार्ड यंत्राने हेच काम छिद्रांच्या पुठ्ठ्यांकडे सोपविले. म्हणजे नक्षीचे ज्ञान एके ठिकाणी बोटांत, दुसरीकडे दोऱ्यांत आणि तिसरीकडे पुठ्ठ्यांत साठविलेले होते.

गिरगावचे विणकर सेवा केंद्र

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळाची स्थापना झाली. १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली व मुंबई हे त्यांतील आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. गिरगावात, ऑपेरा हाउसजवळील मामा परमानंद मार्ग हा या केंद्राचा पत्ता. के. जी. सुब्रमण्यन यांनी १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळाच्या आरेखन विभागाचे उपसंचालकपद सांभाळले. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी १९६१ पासून प्रथम वाराणसीच्या व पुढे मुंबईच्या केंद्रात काम केले. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या नियुक्त्यांची नोंद घेतली जाते. वस्त्रोद्योगाच्या इतिहासात त्यांचे महत्त्व निराळे आहे.

कागदावरील आरेखनाला मागाचे बंधन नसते. ते कापडात उतरविताना वया किती, धागे कोणत्या क्रमाने ओवायचे आणि पायपट्ट्या कशा बांधायच्या, हे ठरवावे लागते. आरेखन, रंगाई व विणाई हे विभाग एकाच संस्थेत आणण्याच्या योजनेचे मर्म येथे आहे. केंद्रातील मागावर सिद्ध झालेला नमुना विणकराच्या घरी पोहोचतो, तेव्हा त्याच्याबरोबर नव्या वईचा खर्च व ओवणीचे दिवसही पोहोचतात. नमुना मोफत मिळाला तरी हा भार विणकराच्या कुटुंबावरच पडतो.

हा भार कुटुंबातही समान वाटला जात नाही. ताणा करणे, सांधणे, ओवणे अशी पूर्वतयारीची कामे बहुतांशी घरातील स्त्रियांकडे असतात. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आहे. तरीही ‘विणकर’ म्हणून आपल्या डोळ्यांसमोर मागावर बसलेला पुरुषच येतो. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने यंत्रमागाव्यतिरिक्त कोणताही माग तो हातमाग, अशी व्याख्या केली. १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आल्यापासून महाराष्ट्रात वाढलेली स्पर्धा पाहता ही व्याख्या संरक्षणासाठी आवश्यकच होती. परंतु माग कशाने चालतो एवढेच ती सांगते. तो चालू होण्यापूर्वी किती हात राबतात, हे तिच्या कक्षेत येत नाही.

निष्कर्ष

१. वईची निवड हा केवळ तांत्रिक प्रश्न नसून खर्च, हवामान व कौटुंबिक श्रम यांचा एकत्रित निर्णय असतो.

२. नवे नमुने नाकारण्यामागे विणकराची रूढिप्रियता नव्हे, तर वई व ओवणी बदलण्याचा भार हे एक ठोस कारण आहे. म्हणून आरेखन-साहाय्याबरोबर वई, फणी व ओवणीच्या मजुरीचे साहाय्य देणे सयुक्तिक ठरेल.

३. अखिल भारतीय हातमाग मंडळ २०२० मध्ये बरखास्त करण्यात आले. धोरणनिर्मितीतील हे व्यासपीठ संपुष्टात आल्यानंतर विणकराच्या घरातील प्रत्यक्ष गरजा जाणण्याची सेवा केंद्रांची जबाबदारी अधिक वाढली आहे.

४. कापड संग्रहालयात जपले जाते. झिजलेली सुती वई मात्र टाकून दिली जाते. तिच्या गाठींचे ज्ञान ज्या स्त्रीपुरुषांच्या हातांत आहे, त्यांच्याकडून ते नोंदवून घेणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य होय. महाविद्यालयीन पातळीवरील क्षेत्रीय प्रकल्पांतून हे कार्य सहज हाती घेता येण्याजोगे आहे.