व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स अन् पॉवर कशी काढायची?

सूत्रं दोनच:

रेझिस्टन्स (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर (वॅट) = व्होल्टेज × करंट

नालवाडीत हिवाळ्यात आम्ही पाणी तापवायला रॉड वापरतो. त्यावर २३० व्होल्ट, १५०० वॅट छापलंय. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा:

करंट = १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर
रेझिस्टन्स = २३० ÷ ६.५ = सुमारे ३५ ओहम

म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला हा रॉड झेपत नाही. सॉकेट तापून वितळू शकतं. मी तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावतो.

व्होल्टेज २०० वर आलं तर? रेझिस्टन्स जवळपास तेवढाच राहतो. करंट ५.७ अँपिअर, पॉवर फक्त ११४० वॅट. म्हणून पाणी उशिरा तापतं.

कूलर-पंख्यात मोटर असते. तिथे हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.