परसबाग

परसबाग : घरामागच्या किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत, अंगणात, गच्चीवर अथवा सज्ज्यात घरच्या गरजेपुरती भाजी, फळे, औषधी वनस्पती व फुले पिकवण्याची पद्धत. विदर्भात अशा जागेला सांदवाडीही म्हणतात. शेतात एखादे पीक मोठ्या क्षेत्रावर घेऊन ते बाजारात न्यायचे असते. परसबागेत अनेक पिके थोडीथोडी लावतात आणि ती लागतील तशी खुडून थेट स्वयंपाकघरात नेतात. नव्याने बाग करणाऱ्याचे यश तीन गोष्टी जुळण्यावर अवलंबून असते : जागेवर पडणारे ऊन, मातीतील हवा-पाण्याचे प्रमाण आणि पिकाचा हंगाम. ऊन व हंगाम आहेत तसे स्वीकारावे लागतात, माती मात्र घडवता येते. म्हणून सुरुवात मातीपासून करावी.

पारंपरिक रूप : कोकणात व गोव्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ वाढवण्याची रीत जुनी आहे. पावसाच्या तोंडावर अंगणात मांडव घालून त्यावर पडवळ, दोडका, कारले, काकडी यांचे वेल चढवतात. देशावरच्या परसात कडीपत्ता, शेवगा, लिंबू, गवती चहा, तुळस, जास्वंद व अबोली ही नेहमीची झाडे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेले खाण्याचा प्रघात आहे. त्या दिवशीच्या मिश्र भाजीत अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याची कणसे असे परसातले जिन्नस पडतात. पावसाळी परसबागेत काय पिकते याची ती यादीच होय. मिरची, टोमॅटो, तांबडा भोपळा व पपई ही मूळची अमेरिका खंडांतली पिके. युरोपीय दर्यावर्दींच्या व्यापारातून ती सोळाव्या शतकापासून पुढे भारतात पोहोचली आणि परसात इतकी रुळली की आता त्यांच्याशिवाय बाग पुरी वाटत नाही.

जागा व ऊन : टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी व सर्व वेलभाज्या यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागते. पालेभाज्या, पुदिना व अळू ३ ते ४ तासांच्या उन्हावरही येतात. लावणीपूर्वी एक-दोन दिवस सकाळी, दुपारी व संध्याकाळी ऊन कुठे पडते ते पाहून ठेवावे. महाराष्ट्र सर्वस्वी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे ते जुलै या काळात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडील सज्ज्यात हिवाळ्यात ऊन खोलवर येते व तेथे रब्बीच्या पालेभाज्या चांगल्या होतात. पश्चिमेकडे उन्हाळ्याच्या दुपारी कुंड्या तापतात. तेथे हिरवी जाळी किंवा वेलाची ताटी उभी करावी.

पहिल्या वर्षी २-३ चौ. मी.चा एक वाफा किंवा पाच-सहा कुंड्या पुरेशा होतात. वाफ्याची रुंदी १ ते १·२ मी. असावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय देऊन माती दाबली जात नाही.

माती : देशावरील काळी माती बेसाल्ट खडकाच्या विदारणाने तयार झाली आहे. ती पाणी धरून ठेवते, पण ओली असता चिकट होते आणि सुकल्यावर भेगाळते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती निचऱ्याची व आम्लधर्मी असते. तिच्यातून पाण्याबरोबर अन्नद्रव्येही वाहून जातात. या दोन्ही दोषांवर उपाय एकच : कुजलेले सेंद्रिय खत. ते काळ्या मातीला भुसभुशीत करते आणि तांबड्या मातीची पाणी धरण्याची शक्ती वाढवते. काळ्या मातीत गादीवाफे करावेत, म्हणजे पावसाळ्यात मुळांशी पाणी साचत नाही.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतील मोठ्या पोकळ्यांत हवा आणि बारीक पोकळ्यांत ओलावा अशी स्थिती असली की तिला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबून गोळा करावी आणि बोटाने टोचावी : गोळा सहज फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर ओल जास्त आहे, गोळा झालाच नाही तर पाणी हवे आहे. पेरणी, खुरपणी व लावणी वाफशावरच करावी. नवशिक्यांची रोपे मरतात ती बहुधा अती पाण्याने मुळे गुदमरून. म्हणून ही साधी परीक्षा खत-औषधांच्या कोणत्याही माहितीपेक्षा आधी शिकावी.

कुंडीसाठी पोयट्याची माती, चाळलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. तळाला छिद्र असणे अत्यावश्यक. त्यावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. मेथी-कोथिंबिरीला १५ सेंमी., मिरचीला २५ ते ३० सेंमी. आणि टोमॅटो-वांग्याला ३० ते ४० सेंमी. खोल कुंडी लागते. दुधी, दोडका यांसारख्या वेलांना ४० ते ५० लिटरचे पिंप असावे.

खत : घरातील ओला कचरा, म्हणजे भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, हा नत्राने समृद्ध असतो, सुका पालापाचोळा कर्बाने. कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब व नत्र सुमारे २५ ते ३० : १ या प्रमाणात लागतात. व्यवहारात एक भाग ओला कचरा आणि आकारमानाने दोन ते तीन भाग सुका पाला असे थर दिले की हे प्रमाण साधते. ढिगाची ओल पिळून ठेवलेल्या फडक्याइतकी असावी आणि आठवड्यातून एकदा तो वरखाली करावा. वास येऊ लागला तर ओल जास्त व हवा कमी आहे असे समजून सुका पाला मिसळावा. दोन ते तीन महिन्यांत खत काळसर, भुसभुशीत व मातीच्या वासाचे होते. अर्धवट कुजलेले खत कुंडीत घालू नये. ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेते व रोपे पिवळी पडतात. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडवणे आणि सूर्यप्रकाशाचा पुरेपूर उपयोग करणे हे विचार महाराष्ट्रभर नेले, गच्चीवर बाग करणाऱ्या अनेकांचा तो आधार ठरला.

पेरणी व रोपे : बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरावे. मेथी, पालक, मुळा, भेंडी, गवार व वेलभाज्या थेट जागेवर पेरतात. टोमॅटो, वांगी व मिरची यांची आधी रोपे करतात आणि मग पुनर्लावण करतात. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांचे, मिरचीचे ४० ते ४५ दिवसांचे झाल्यावर संध्याकाळी, ऊन उतरल्यावर लावावे. धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत. ते उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, तर मेथी ३ ते ५ दिवसांत उगवते. दाट उगवलेल्या रोपांची विरळणी करण्यास मन धजत नाही, पण ती केलीच पाहिजे. विरळलेली कोवळी मेथी, माठ किंवा मुळ्याचा पाला भाजीला चालतो.

नवशिक्यास सोपी पिके व त्यांचे वेळापत्रक :

| पीक | पेरणी / लावणी | अंतर (सेंमी.) | पहिली काढणी |
|---|---|---|---|
| मेथी | ऑक्टो.–फेब्रु. | ओळींत १५–२० | २५–३० दिवस |
| कोथिंबीर | ऑक्टो.–फेब्रु. | ओळींत १५–२० | ३५–४५ दिवस |
| पालक | सप्टें.–फेब्रु. | ओळींत २०–२५ | ३०–४० दिवस |
| मुळा | ऑक्टो.–जाने. | ३० × १० | ४०–५० दिवस |
| भेंडी | जून–जुलै, फेब्रु.–मार्च | ४५ × ३० | ४५–५५ दिवस |
| टोमॅटो | जून–जुलै, सप्टें.–ऑक्टो. | ६० × ४५ | लावणीनंतर ६०–७५ दिवस |
| मिरची | जून–जुलै, सप्टें.–ऑक्टो. | ६० × ४५ | लावणीनंतर ६०–७५ दिवस |
| दोडका, कारले | जून–जुलै, जाने.–फेब्रु. | वेलांत १०० | ५५–६५ दिवस |

पालक व कोथिंबीर उन्हाळ्यात लवकर फुलोऱ्यावर येतात. त्या दिवसांत माठ, अंबाडी किंवा पुदिना घ्यावा. पालेभाजी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर सतत मिळत राहते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी पिवळ्या शिरांच्या विषाणुरोगास प्रतिकार करणारी म्हणून, तर दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण तारा’ ही कारल्याची जात म्हणून प्रसिद्ध आहे.

पाणी : १ चौ. मी. जागेवरील १ मिमी. पाणी म्हणजे १ लिटर. भर उन्हाळ्यात पठारी भागात वाफ्यातून रोज साधारण ५ ते ७ मिमी. पाणी उडते, म्हणजे चौरस मीटरला ५ ते ७ लिटर पाणी लागते. हिवाळ्यात याच्या सुमारे निम्मे. कुंड्या लवकर सुकतात, तरीही वेळापत्रकाने पाणी न देता बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच द्यावे. पाणी सकाळी, झारीने, मुळांशी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिली तर बुरशीला वाव मिळतो. मातीवर पालापाचोळा किंवा उसाच्या पाचटाचे ५ सेंमी. जाड आच्छादन घातल्यास ओल टिकते व तणही कमी उगवते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत पूर्ण वाढतो. म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या कराव्यात.

निगा : टोमॅटोला काठीचा आधार आणि वेलांना मांडव किंवा ताटी वेळेवर द्यावी. दुधी, भोपळा, दोडका, कारले यांत नर व मादी फुले वेगळी असतात. आधी नर फुले येतात, त्यामुळे ‘फुले गळतात, फळ धरत नाही’ ही सुरुवातीची तक्रार बहुधा अकारण असते. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. उंच इमारतीत मधमाश्या फारशा येत नाहीत. तेथे नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलावर टेकवावेत. भोपळ्याचे फूल सकाळी आणि दुधी-दोडक्याचे संध्याकाळी उमलत असल्याने वेळ त्याप्रमाणे साधावी.

कीड व रोग : मावा, तुडतुडे, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडी पानांच्या पाठीमागे असतात, रोज पाने उलटून पाहणे हाच पहिला उपाय. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्या धुऊन निघतात. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा : ५० ग्रॅ. निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून एक लिटर द्रावण करावे आणि चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी वापरावे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावतात. वेलावरची फळमाशी लागलेली फळे तोडून नष्ट करावीत; तशीच पडू दिल्यास त्यांतील अळ्या मातीत कोष करतात. ढालकिडा व त्याची अळी मावा खातात, म्हणून दिसेल त्या किड्यावर औषध मारणे टाळावे. खाण्याच्या पानांवर रासायनिक कीटकनाशके वापरूच नयेत.

गच्चीवरील बाग : ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टन असते, ३० सेंमी. जाड थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भार. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार चौरस मीटरला १·५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किग्रॅ. आहे. म्हणून गच्चीभर मातीचे वाफे घालण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा, जलरोधन तपासावे, कोकोपीट व पाल्याचे हलके मिश्रण वापरावे आणि जड कुंड्या तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात. लहान मुले असलेल्या घरी कण्हेर, धोत्रा, डिफेनबेकिया ही विषारी झाडे लावू नयेत.

बियाणे व प्रसार : पुण्याचे एम्प्रेस गार्डन चालवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० साली स्थापन झालेली संस्था बागकामाची आवड जोपासत आली आहे. राज्याच्या ‘उमेद’ अभियानातून महिला बचत गटांनी गावोगावी पोषण परसबागा उभ्या केल्या. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभारून घरोघरच्या परसबागांना बी पुरवले. त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या कामाचे सूत्र नवशिक्यालाही पाळता येते. वाल, भेंडी, माठ किंवा दोडका यांच्या सुधारित वा देशी वाणातील सर्वांत निरोगी झाड निवडावे, त्यावरची एक-दोन फळे न तोडता वाळू द्यावीत, बी सावलीत सुकवून राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवावे आणि बरणीवर वाण व महिना लिहावा. संकरित वाणाचे बी असे धरू नये, कारण पुढील पिढीत गुण टिकत नाहीत. स्वतः धरलेले बी दुसऱ्या वर्षी त्याच मातीत पेरले की बाग पुढच्या हंगामापासून दुकानावर अवलंबून राहत नाही. उरलेले बी शेजाऱ्याला दिले तर वाण आणखी एका परसात टिकतो.