काळ्या केसासाठी, गोऱ्या कातडीवर

लेझरने केस काढल्यावर मुळांभोवती बारीक लाल पुरळ उठतं, त्वचा किंचित सुजते. उष्णता मुळापर्यंत पोहोचल्याची ती खूण असते आणि सहसा एक-दोन दिवसांत ओसरते. फोड येणं, भाजल्याचे वळ उमटणं, महिनोन्महिने न हटणारे काळे डाग किंवा पांढरे चट्टे पडणं हे मात्र वेगळं. असं काही झालं की ‘तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे’ किंवा ‘रंग सावळा आहे ना, म्हणून’ असं ऐकवलं जातं. या तंत्राचा इतिहास पाहिला तर दोष त्वचेवर ढकलण्याची ही रीत अन्यायाची आहे, असं माझं ठाम मत आहे. प्रकाशाची तरंगलांबी किती, झोत किती वेळाचा, या गोष्टी माणसांनी ठरवल्या आणि त्या ठरवताना त्यांच्यासमोर विशिष्ट रंगाची कातडी होती.

थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये कॅलिफोर्नियात पहिला रूबी लेझर चालवला. पुढच्या तीन वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी दाखवून दिलं, की हा प्रकाश त्वचेतल्या गडद भागांना जास्त इजा करतो. म्हणजे रंगद्रव्य प्रकाश शोषतं हे आरंभापासून माहीत होतं. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 मध्ये त्याला सिद्धांताचं रूप दिलं: तरंगलांबी आणि झोताचा कालावधी नेमका निवडला, तर आजूबाजूची त्वचा राखून हवं तेवढंच लक्ष्य जाळता येतं. केसांसाठी ते लक्ष्य होतं मेलॅनिन हे रंगद्रव्य. बोस्टनमध्येच 694 नॅनोमीटरच्या रूबी लेझरचा प्रयोग झाला आणि 1996 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातले तेरा स्वयंसेवक गोऱ्या त्वचेचे आणि काळ्या-तपकिरी केसांचे होते. अशा माणसात मेलॅनिन मुख्यतः केसातच असतं. सावळ्या माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातही ते भरपूर असतं, त्यामुळे मुळापर्यंत जाणारा प्रकाश वाटेतच शोषला जातो आणि तिथंच भाजतं.

यावर कोणी म्हणेल, हा तर भौतिकशास्त्राचा नियम. त्यात भेदभाव कुठे आला? नियम खराच आहे, पण त्याच नियमात उत्तरही होतं. तरंगलांबी वाढत जाते तसं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर बेल लॅब्जमध्ये 1964 सालीच तयार झाला होता. केस काढण्यासाठी अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं उपकरणही त्याच जातीचं होतं. पण त्याचे झोत अतिसूक्ष्म काळाचे होते, त्वचेवर कार्बनचा लेप लावावा लागे आणि केस पुन्हा उगवत. दीर्घ झोताचा एनडी-याग गडद त्वचेच्या वीस स्त्रियांवर वापरून पाहिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला तो 2001 मध्ये. तोवर रूबी, अलेक्झांड्राइट आणि डायोड बाजारात आले होते. त्वचेचे प्रकार मोजण्याची फिट्झपॅट्रिक यांची 1975 ची पट्टीसुद्धा आधी गोऱ्या त्वचेच्या प्रकाशोपचाराचा डोस ठरवायला बनली. गडद रंगांचे वर्ग तिला मागाहून जोडले गेले.

नव्या तंत्राचे परिणाम आधी कुणाला कळणार, हा दुसरा आक्षेप. केस काढण्याच्या बाबतीत तो टिकत नाही. व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी 1896 मध्ये क्ष-किरणांनी केस घालवले आणि 1920 च्या दशकात अमेरिकेत त्याची दुकानं निघाली. वेदना नाही, म्हणून बायका विश्वासाने गेल्या. काहींना वर्षांनंतर व्रण आणि कर्करोग झाले. लेझरचा प्रकाश क्ष-किरणांसारखा नाही, त्याने तसला धोका होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तरी उपचार आधी आणि परिणामांचा शोध नंतर, हा क्रम तोच राहिला.

आज योग्य यंत्रं आहेत, चुकतो तो चालवणारा, असंही म्हटलं जातं. उन्हात रापलेल्या त्वचेवर लेझर मारणं, थंडावा पुरेसा न देणं, गोऱ्या त्वचेची ऊर्जा सावळीवर ठेवणं या चुका खऱ्या आहेत. पण एनडी-याग जास्त दुखतो आणि बारीक केसांवर कमी चालतो, म्हणून जलद गुण दाखवणाऱ्या यंत्राचा मोह होतो. शिवाय हनुवटी-गळ्यावर केस कमी होण्याऐवजी वाढण्याचा परिणाम 2002 पासून नोंदला गेला. तो गव्हाळ-सावळ्या, हार्मोनचा त्रास असलेल्या स्त्रियांत अधिक दिसतो. गोऱ्या स्वयंसेवकांच्या छोट्या प्रयोगांत तो नजरेस येणं अवघडच होतं. भारतात बहुतेकांची त्वचा फिट्झपॅट्रिकच्या चौथ्या-पाचव्या वर्गात बसते. म्हणून इथल्या प्रत्येक बाईला आपल्यावर कोणती तरंगलांबी, किती ऊर्जा, किती मिलिसेकंदांचा झोत वापरला आणि आधी छोट्या भागावर चाचणी घेतली का, हे लेखी मिळायला हवं. डाग पडल्यावर दुसऱ्या डॉक्टरला कारण शोधायचं असेल, तर रंगाआधी हेच आकडे लागतात.