पाहणे आणि मोजणे

प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, असे कोणी म्हटले की व्यवहारात वाद मिटतो. शास्त्रात तो पुष्कळदा तेथूनच सुरू होतो. शरीराबाहेर पेशी वाढविण्याच्या विद्येचा इतिहास आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत तो हे दाखविण्यासाठी.

१९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी लसिकेच्या थेंबात जगविल्या आणि त्यांतून तंतू फुटताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढे १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथे अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा संवर्धनास लावला. ते संवर्धन १९४६ पर्यंत चालविले गेले, आणि शरीराबाहेर पेशी अमर असतात असा समज रूढ झाला. कॅरेल नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी निरोगी मानवी पेशींच्या दुपटी मोजल्या. सुमारे ५० दुपटींनंतर त्या थांबतात, असे दिसले. जुना समज या हिशेबापुढे टिकला नाही.

१९७५ साली जेम्स राइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी त्वचेच्या पेशी भांड्यात भरघोस वाढविण्याची रीत दिली. तोंडाच्या अस्तराच्या पेशीही आता तशा वाढवितात. खाली कोलॅजेनचा मऊ थर, त्यावर या पेशी, आणि वरून हवा. मग थरावर थर चढून अस्तरासारखी रचना तयार होते. तिचा पातळ काप रंगविला की पेशींची केंद्रे निळी व भोवतालचा भाग गुलाबी दिसतो.

येथे संगणक येतो. त्याच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांची चौकट. गडद कोठे संपते व फिके कोठे सुरू होते, ही सीमा आकड्यांवरूनच ठरविण्याची रीत जपानचे नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडली. एकमेकांत मिसळलेले रंग वेगळे काढण्याची रीत रायफ्रॉक व जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये दिली. त्यामुळे प्रत्येक केंद्राचे आकारमान, गोलाई व थरातील जागा मोजता येते.

तंबाखू-सुपारीच्या आपल्या मुलखात ही मोजणी केवळ कुतूहलाची बाब नव्हे. गालातील पांढरा चट्टा कर्करोगाकडे झुकला आहे काय, हे काप पाहून ठरवावे लागते. आणि एकाच कापावर दोन जाणत्या तज्ज्ञांचे मत नेहमी जुळतेच असे नाही. भांड्यातील अस्तरावर ही मोजणी रुग्णाला धक्का न लावता पारखून घेता येते.

तथापि यंत्रालाच सर्वज्ञ मानले, तर कॅरेल यांच्या वेळची अंधश्रद्धा नव्या वेषात परत येईल. रंग फिका पडला तर आकडा बदलतो. काय मोजावयाचे हेही माणूसच सांगतो. आकडा कसा काढला हे जो उघड सांगतो, त्याचीच मोजणी दुसऱ्याला पडताळून पाहता येते, आणि रुग्णाचा भरवसा अखेर त्या पडताळ्यावर उभा असतो.