व्यायामशाळेचा उंबरठा

कराटेचे नाव निघताच पिळदार देहाचे तरुण आणि एका आघातात दुभंगणाऱ्या फळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. साहजिकच पन्नाशीकडे झुकलेला कारकून अथवा लहानपणापासून अशक्त राहिलेला विद्यार्थी वर्गाच्या दारातूनच परत फिरतो. अंगात आधी बळ येऊ दे, मग शिकू, असे तो स्वतःला समजावतो. परंतु बळ हे अभ्यासाचे फळ होय. त्यालाच प्रवेशाची अट करणे म्हणजे पोहता येईपर्यंत पाण्यात न उतरण्याचा निश्चय करण्यासारखे आहे. हा भ्रम दूर करण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या आरंभी दोन दूरच्या ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी झाले. त्यांतील एक ठिकाण बडोदे होय.

सयाजीगंजात बडोदा कॉलेजची भव्य घुमटाची वास्तू आहे. १८८१ साली स्थापन झालेल्या या कॉलेजात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याचा जन्म १८८३ साली जवळच्याच डभोईचा. विश्वामित्रीचा पूल ओलांडून जुन्या शहराकडे गेले की जुम्मादादांची व्यायामशाळा लागे. तेथे १९०७ पासून १९१० पर्यंत प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली गुणे यांनी शरीरशिक्षणाचे धडे घेतले. त्या वेळी त्यांचे वय चोवीस होते. आखाड्याची तांबडी माती अंगाला लावण्याचे वय म्हणजे बालपण, अशी लोकांची समजूत. तिच्या मानाने हा आरंभ उशिराचाच होता.

माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य. एका मुसलमान उस्तादाची विद्या एका हिंदू शिष्याने पुढे चालवावी आणि संस्थेवर गुरूचेच नाव ठेवावे, ही गोष्ट बडोद्याला शोभणारीच होती. कुस्ती आणि शस्त्रविद्या यांत निपुण असूनही माणिकराव मोजक्या मल्लांवर संतुष्ट राहिले नाहीत. अनेकांना एकत्र करता येईल अशा सांघिक व्यायामाला त्यांनी हिंदी आज्ञांची शिस्त दिली. मल्लाची विद्या अशा रीतीने समाजाची झाली.

त्याच सुमारास जपानच्या ओकिनावा बेटावर अंको इतोसू नावाचे वृद्ध गुरू हेच करीत होते. कराटे तोवर निवडक शिष्यांना एकांतात शिकविले जाई. इतोसूंनी ते शाळांत नेले, मुलांना झेपतील असे पाच सोपे कता रचले आणि १९०८ साली शिक्षणखात्यासाठी या विद्येची दहा सूत्रे लिहून दिली. कता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करावयाच्या हालचाली. तेथे समोर प्रतिस्पर्धी नसतो. म्हणून प्रत्येकाला आपल्या शक्तीप्रमाणे वेग ठेवता येतो. इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी १८६८ साली जन्मले, ते बालपणी प्रकृतीने दुबळे होते. त्यांनीच पुढे १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखविले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते.

गुणे यांनीही हेच सूत्र पुढे नेले. स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आसने व प्राणायाम यांची प्रयोगशाळेत परीक्षा केली आणि पूर्ण अभ्यासक्रमाबरोबर कमी शक्तीच्या माणसासाठी संक्षिप्त क्रमही आखून दिला.

या इतिहासाचे तात्पर्य व्यवहाराचे आहे. पहिल्या दिवशी नवशिक्याने पाय कसे रोवावे, मूठ कशी वळावी आणि श्वास कसा सोडावा एवढेच शिकावयाचे असते. हृदयविकार अथवा सांधेदुखी असल्यास वैद्याचा सल्ला आधी घ्यावा आणि झुंजीची घाई करू नये. मात्र शिष्याचे वय व प्रकृती पाहून पायरी बांधणे हे गुरूचे कर्तव्य होय. ज्या शाळेत ती पायरी नाही, तेथे दोष शिष्याच्या दुबळेपणाचा मानू नये. त्याने दुसरी शाळा शोधावी. घरी परत फिरू नये.