मनगटाचे दुखणे : निदानाच्या इतिहासातील काही स्थलभ्रम

तोल जाऊन पडताना माणूस सहजप्रवृत्तीने हात पुढे करतो आणि देहाचा भार तळहातावर येतो. अशा अपघातानंतर मनगटाला येणारा बाक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील बहुतेक शल्यवैद्य सांधा निखळल्याचे चिन्ह समजत. लियाँ येथील पूतो याने ही इजा हाडाची असल्याचे प्रतिपादिले होते. त्याचे लेखन मरणोत्तर, १७८३ मध्ये, प्रसिद्धही झाले. परंतु फ्रान्सबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

१८१४ मध्ये डब्लिनचा शल्यवैद्य ॲब्राहम कॉलिस याने एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. या इजेचे वर्णन पूर्वी कोणी केल्याचे आपणांस ठाऊक नाही, असे तो आरंभीच म्हणतो. पूतोचा ग्रंथ त्याच्या पाहण्यात आलेला नसावा. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप एक्याऐंशी वर्षे होती. सूज तत्काळ चढे आणि मोडल्या हाडाची करकर हातास लागत नसे. कॉलिसने रुग्णाचा हात ताणून धरला, तेव्हा बाक नाहीसा झाला. ताण सोडताच तो पुन्हा उमटला. निखळलेला सांधा एकदा बसला की सहसा बसून राहतो. हा बसत नव्हता, म्हणजे दोष सांध्यात नसून त्याच्या सुमारे दीड इंच वर, अंगठ्याकडील हाडात होता. निव्वळ बोटांच्या आधारे काढलेला हा निष्कर्ष होय. सांधा बसविला एवढ्यावर समाधान मानून रुग्णास घरी पाठविले, तर तो बाक जन्मभर राही; म्हणून कॉलिसने फळ्या बांधून हाड स्थिर राखण्यावर भर दिला.

अंगठ्याच्या बाजूस दुखणे नेहमी हाडाचेच असते असेही नाही. स्विस शल्यवैद्य द केर्व्हां याने १८९५ मध्ये तेथील कंडरांच्या आवरणाचा विकार वर्णिला. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकविण्याची परीक्षा आज सर्रास फिंकेलस्टाइनच्या (१९३०) नावे शिकविली जाते. वस्तुतः ती आइखहॉफची (१९२७) आहे. फिंकेलस्टाइनच्या परीक्षेत वैद्य स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात झुकवितो. भेद क्षुल्लक नव्हे, कारण मुठीच्या परीक्षेने निरोगी मनगटही दुखू शकते.

मज्जातंतूच्या बाबतीत भ्रम उलट दिशेने झाला. रात्री बोटांत येणाऱ्या मुंग्या आणि अंगठ्याच्या बुडाशी झडलेला स्नायू यांचे मूळ मनगटात न शोधता मानेत शोधले जाई, आणि त्यापायी मानेतील जादा बरगडी कापण्याच्या शस्त्रक्रियाही होत. मारी व फ्वा यांनी १९१३ मध्येच शवविच्छेदनात मनगटातील बंधाखाली दबलेला मज्जातंतू दाखवून तो बंध कापण्याची सूचना केली होती. ती तीन दशकांहून अधिक काळ दुर्लक्षित राहिली. १९४७ मध्ये ब्रेन, राइट व विल्किन्सन यांनी शस्त्रक्रिया केलेल्या सहा रुग्णांची हकीकत दिली, आणि १९५० नंतर अमेरिकेत फेलन याने हे निदान रूढ केले. मनगटे सुमारे एक मिनिट वाकवून धरली असता बोटांत मुंग्या येतात की नाही, एवढेच त्याच्या परीक्षेत पाहावयाचे असे.