दगडी योद्ध्यांचा पट

बुद्धिबळात राजा अडकला की डाव संपतो. वाघ-बकरीत वाघ एकटा बकऱ्या मारतो. एकी करावी लागते ती दुबळ्या बकऱ्यांना. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात झूनी लोक राहतात. त्यांच्या ‘दगडी योद्धे’ या खेळात राजा नाही आणि वाघही नाही.

पटावर १४४ घरे असतात, आणि प्रत्येक घरातून तिरप्या रेघा जातात. दोघे खेळताना प्रत्येकाकडे सहा सोंगट्या. खापराच्या चकत्याही त्यासाठी चालतात. सोंगटी तिरप्या रेघेने एकेक घर पुढे सरकते. मागे फिरण्याची तिला मुभा नाही. समोरच्याच्या जागा गाठायच्या आणि वाटेत त्याचे गडी टिपायचे. पण एकट्या सोंगटीने कोणी मरत नाही. आपल्या दोघींच्या मध्ये शत्रूची सोंगटी सापडली, तरच ती उचलता येते. असा पहिला गडी पडला की सातवी सोंगटी पटावर येते. तिचे नाव ‘धनुष्याचा पुजारी’, आणि ती तिरपी तशीच सरळही चालते. म्हणजे पुढारी आरंभी नसतो. दोघांनी मिळून काही मिळवले, की मग तो येतो.

हे वर्णन फ्रँक कुशिंग यांचे. स्ट्यूअर्ट क्यूलिन यांनी ते १९०७ साली ग्रंथात छापले. कुशिंग १८७९ मध्ये झूनी गावात गेले, तेथली भाषा शिकले. झूनींनी त्यांना धनुष्य-पुजाऱ्यांच्या मंडळात घेतले. गावाचे रक्षण हे या मंडळाचे काम, आणि ते लवकरच अंगावर आले. झूनींची हद्द ठरवणाऱ्या १८७७ च्या सरकारी हुकुमात न्यूट्रिया येथील झऱ्यांची जमीन बाहेर राहिली होती. सिनेटर जॉन लोगन यांच्या जावयाने साथीदारांसह तिच्यावर हक्क सांगितला. कुशिंग झूनींच्या बाजूने उभे राहिले, वृत्तपत्रांत बोभाटा झाला, आणि १८८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी तो हुकूम दुरुस्त केला. जमीन वाचली. लोगन यांच्या रोषापायी १८८४ मध्ये कुशिंग यांना मात्र परत बोलावण्यात आले.

पुढारी उचलला गेला म्हणजे लढा बुडाला, असे सांगणारे मला कामगारांच्या सभांत पुष्कळ भेटले. न्यूट्रियाची जमीन कुशिंग यांनी दान दिली नव्हती. ती कसणाऱ्या झूनींचीच होती, आणि ते गेल्यावरही झूनींचीच राहिली. सातवी सोंगटी पटावरून गेली, तरी सहा उरतात. त्यांतल्या दोघी एकमेकींजवळ आहेत की नाहीत, एवढेच पाहायचे असते.